केळीच्या झाडांवरची क्रियापदं

मागच्या गुरुवारी माझ्या इंग्रजीपायी आमच्या बागेतले अकरा कोवळे घड कापले गेले.

माझं माहेर बुऱ्हाणपुरातलं, लोधीपुऱ्याचं. लग्न होऊन बहादरपुरला आले त्याला बारा वर्षं झाली. इथून जवळच परदेशात केळी पाठवणारं पॅकहाऊस निघालंय. तिथल्या सुपरवायझरच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार होता.

‘गो’, ‘कम’, ‘सेंड’ इथपर्यंत माझं बरं चालतं हो. पण त्यांच्या ईमेलमध्ये असली गरीब क्रियापदं नसतातच. काम लवकर उरकायचं तर ‘एक्सपिडाइट’, चूक दुरुस्त करायची तर ‘रेक्टिफाय’, खात्री करून घ्यायची तर ‘अ‍ॅसर्टेन’... संध्याकाळी सगळं पाठ, सकाळी पाटी कोरी.

घरात वही उघडली रे उघडली की कुणाला तरी चहा हवा असतो. म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या, एकेकीवर एक क्रियापद लिहिलं आणि बागेतल्या पहिल्या ओळीत अकरा झाडांना बांधल्या. ठिबकच्या नळ्या बघत फिरायचं आणि चिठ्ठी दिसली की अर्थ म्हणायचा. स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश होते मी!

चिठ्ठ्या बांधल्या कशाने, तर शेडमध्ये पडलेल्या लाल रिबनने. केळीवाल्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल... आमच्याकडे घड कापायला तयार झाला की त्या झाडाला लाल रिबन बांधतात. मजुरांनी रिबन बघायची आणि कापायचं, ही माझ्या सासऱ्यांनीच, म्हणजे बाबांनी लावलेली शिस्त. बारा वर्षं मी ती बघतेय, पण त्या दिवशी डोक्यात फक्त क्रियापदं होती.

मजुरांनी शिस्त पाळली. चिठ्ठ्या बघून त्यांना वाटलं, पॅकहाऊसवाल्यांचीच काही खूण असेल. मी पोचले तेव्हा अकरा घड जमिनीवर होते, बोटाएवढी केळी असलेले.

घरी सासूबाईंनी एवढंच सांगितलं, की झालं तेवढं इंग्रजी पुरे, ती वही आता माळ्यावर ठेव. त्यांचं काय चुकलं? मी वही खरंच वर ठेवून दिली. इंटरव्ह्यूला जायचं नाही, हेही मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी बाबा बागेतून आले. हातात माझ्या अकरा चिठ्ठ्या होत्या, चीक लागून काळ्या पडलेल्या. ओट्यावर बसले, मला समोर बसवलं आणि पहिली चिठ्ठी पुढे धरली.

“ह्याचा मतलब काय?”

बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मी उत्तर द्यायची, ते मान हलवायचे, चिठ्ठी बाजूला ठेवायचे. दहा झाल्या. अकरावी ‘फॉरफिट’ होती, आठ दिवस माझ्या डोक्यात न टिकलेली. आज मात्र तिचा अर्थ लगेच आठवला.

“आपल्याच चुकीने हातातलं गमावणं,” मी म्हटलं, आणि रडायलाच लागले.

बाबांनी तीही चिठ्ठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “घड गेले, ते काही परत येणार नाहीत बेटा. पण त्यांच्यापायी तू इंटरव्ह्यू कायको सोडून राहिली? वही खाली काढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. शेजारच्या ओळीत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, अकरा झाडांना चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. रिबनने नाही, सुतळीने... पक्क्या दुहेरी गाठीने. त्यातल्या निम्म्या उलट्या होत्या, अक्षरं डोक्यावर उभी.

काल इंटरव्ह्यू झाला. निकाल काही लागो, मी न अडखळता बोलले. सासूबाईंनी निघताना हातावर दही ठेवलं, तेही लिहायला हवं.

चिठ्ठ्या अजून झाडांवर आहेत. रोज मान वाकडी करून वाचते मी त्या... बाबांनी बांधलेली एकही सुलटी करायला माझा हात धजत नाही.