टेकडीवरून पुसलेले बाबा

शनिवारी सेरंगूनला आमच्या फोटो क्लबचं प्रदर्शन होतं. तिथून आल्यापासून नुसती धुमसतेय... म्हणून लिहूनच टाकते.

भिंतीवर माझा एकच फोटो होता. जैसलमेरच्या पुढे, वाळवंटात, रात्री काढलेला. इथे सिंगापूरमध्ये रात्रीचं आकाश कायम नारिंगी. तुआसच्या औद्योगिक भागात शिफ्ट संपवून बाहेर पडल्यावर एखादा तारा दिसला तर नशीब! म्हणून गेल्या हिवाळ्यात पुण्याहून बाबांना सोबत घेऊन मुद्दाम गेले होते.

ताऱ्यांच्या फोटोसाठी शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात समोरचा माणूस जरा जरी हलला तरी फोटोत त्याचं भूत होतं. बाबा दुखरे गुडघे घेऊन वाळूच्या टेकडीवर चढले आणि कानटोपी घालून त्या थंडीत पुतळ्यासारखे उभे राहिले. कितीतरी फोटो वाया गेले, तेव्हा एक मनासारखा आला. अख्ख्या आकाशगंगेखाली एवढेसे बाबा...

सध्या ते आमच्याकडे आलेत. प्रदर्शनाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोटोसमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं, मी कुठंय यात? ऑपरेशन करूनही डोळ्यांना नीट दिसत नाहीये बहुतेक..."

मी जवळ जाऊन पाहिलं. टेकडी होती, तारे होते. बाबा नव्हते!

क्लबचं प्रिंटिंग बघणारे गृहस्थ तिथेच होते. विचारलं तर हसत, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "ओह, दॅट ब्लॅक डॉट! एआयने काढून टाकला. नाऊ सो क्लीन, लाह!"

ब्लॅक डॉट??? माझे वडील आहेत ते, म्हटलं. तर म्हणे सॉरी, पण लोकांना असाच जास्त आवडतोय... मला न विचारता माझ्या बाबांना पुसलं, आणि खाली नाव मात्र माझंच!

फोटो उतरवा, म्हटलं. तर म्हणे, आता भिंत रिकामी दिसेल, उद्या बघू! बाबांनी मला बाजूला घेतलं. "जाऊ दे गं. परक्या देशात कशाला तमाशा..."

हे "जाऊ दे" मी लहानपणापासून ऐकतेय. बाबांची बढती दुसऱ्याला दिली, जाऊ दे. शेजाऱ्याने कुंपण पुढे सरकवलं, जाऊ दे. खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचाही राग आला.

"बाबा, तुम्ही तिथे काकडत उभे होतात. मी नाही जाऊ देणार."

आणि मीच फ्रेमला हात घातला. चांगली जड होती, एका बाजूला कलली. ते गृहस्थ नुसतेच "केअरफुल, केअरफुल" करत राहिले... तेवढ्यात दुसरी बाजू कुणीतरी सावरली. बाबा!

"नीट धर," मला म्हणाले. मग त्या गृहस्थांकडे वळले आणि मी कधीच ऐकला नव्हता अशा चढ्या आवाजात म्हणाले, "दॅट डॉट इज मी!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. आम्ही फ्रेम भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली आणि निघालो.

राग अजून उतरलेला नाही. माफीचे मेसेज येतायत, मी उघडलेले नाहीत. पण घरी येताना एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबा स्वतःशीच म्हणाले, "ते कुंपणाचं पण तेव्हाच बोलायला हवं होतं..."

बोललात, बाबा. उशिरा का होईना, बोललात. थँक्यू.