न झेललेला गोळा

पातूरच्या माणिकबाईनं आयुष्यात हजारो टरबुजं फेकली, पण त्यातलं एकही जमिनीवर पडलं नाही. शेतातून ट्रकपर्यंत माणसांची रांग लागायची. रांगेत शेवटी माणिकबाई, आणि वर ट्रकमध्ये हात पसरून तिचा नवरा, किसनराव. या दोघांचं संसारात कशावर फारसं जमलं नाही म्हणतात. टरबुजावर मात्र कायम जमलं. झोपलेलं लेकरू द्यावं तसं टरबूज त्यांच्या हातात उतरायचं.

लेक प्रतीक्षा अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकते. तिथल्या चाळिशीपुढच्यांच्या मैदानी स्पर्धेत तिनं आईचं नाव परस्पर देऊन टाकलं आणि शिकवणी सुरू केली. थाळीफेक, भालाफेक समजली. हातोडाफेक ऐकल्यावर माणिकबाईनं विचारलं, हातोडाच फेकून दिला तर मंग खुंटी कायनं ठोकतात. गोळाफेक ऐकताना मात्र ती पुढं सरकून बसली. गोळा चार किलोचा, म्हणजे बेताचं टरबूजच. पण तो कोणी झेलायचा नाही. पडेल तिथपर्यंत मोजायचं. आपला हात मोकळा सोडला तर किती दूर जातो, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. तेवढं एक पाहायचं म्हणून ती तयार झाली.

प्रत्येकीला तीन संधी होत्या. पहिल्या वेळी समोर गोळा पडायच्या पट्ट्याच्या कडेला पंच उभे दिसले, आणि तिच्या हातानं आपोआप जोर आवरला. गोळा अलगद गेला, जवळच पडला. दुसऱ्या वेळी जोर लावला, पण आता फुटते की काय या धास्तीनं ती गोळ्यामागं धावली. पाय वर्तुळाबाहेर. लाल झेंडा, फाऊल. प्रतीक्षानं कपाळाला हात लावला. गोळा लोखंडाचा असतो, हे शिकवायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.

तिसऱ्या वेळी माणिकबाई थांबली.

"भाऊ," ती पंचांना म्हणाली, "तुमी जराक बाजूले सरका. समोर माणूस दिसला का माया हात ढिला पडते."

पंचांनी अशी विनंती पहिल्यांदाच ऐकली असावी. ते सरकले. समोर नुसती माती उरली. तिनं गोळा मानेला टेकवला, कोपर उचललं आणि हात सोडला. दोरीपलीकडे प्रेक्षकांत उभ्या किसनरावांचे हात सवयीनं पुढं आले होते. ते त्यांनी हळूच खिशात घातले.

गोळा धप्पकन पडला, मातीत खळगा झाला. टेप लागली. सहा जणींत चौथा नंबर.

ती बाहेर आल्यावर किसनराव म्हणाले, "टरबूज असतं तर ट्रकच्या पल्याड गेलं असतं."

"गेलं असतं."

"मंग इतके साल मायासाठी हात आवरून फेकत होती का वं?"

"तुमच्यासाठी काहून? टरबुजासाठी."

असं म्हणाली खरी. पण पंच तो खळगा बुजवून राहिले की काय, हे पाहायला ती पुन्हा मागं वळली.