कोऱ्या कागदावरची सही

मेहकरच्या कोर्टात मी एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. दावा कसा लिहायचा, साक्षीदाराला कुठं थांबवायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. सरांसमोर खुर्चीत बसायलाही मी बिचकत असे.

हिवरा आश्रम गावच्या एक निवृत्त नर्सबाई आमच्या पक्षकार होत्या. त्यांनी विकत घ्यायच्या ठरवलेल्या दोन खोल्यांचं खरेदीखत मालक करून देत नव्हता. दावा आम्ही जिंकलो. उरलेली किंमत शुक्रवारपर्यंत कोर्टात भरायची, नाहीतर खोल्या हातच्या जाणार, असा हुकूम झाला. बाईंनी विश्वासानं त्या रकमेचा चेक सरांच्या नावानं दिला.

बुधवारी मी चलन भरायला घेतलं, तेव्हा सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पैसे राहिले नाहीत."

त्यांच्या मुलीच्या ऑपरेशनला लागले होते. बाईंचा चेक त्यांच्या स्वतःच्याच खात्यात जमा झाला होता, घरखर्चाच्या पैशांत मिसळून गेला होता.

"माझी फी बाकी होतीच. ती वळती केली असं दाखवू. तू कोऱ्या कागदावर तिची सही घेऊन ये, मजकूर मी लिहितो. तुझ्यावर तिचा भरवसा आहे."

कोर्टात भरायला दिलेले पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत, हे मला पाठ होतं. त्यांनाही होतं. म्हणून तर सही हवी होती. मी "हो सर" म्हणाले आणि कागद पर्समध्ये घातला.

एसटीत मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. वकालतनाम्यावर माझीही सही होती. सनद गेली तर? आणि सरांच्या विरोधात गेले तर या तालुक्यात मला दारात कोण उभं करणार? गाव आलं तरी उठवेना, कंडक्टरनं हटकलं तेव्हा उतरले.

बाईंनी चहा ठेवला. कागद दिसताच चष्मा लावला, पेन उघडलं.

"कुठं करू सही, वकीलबाई?"

"करू नका," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

मग सगळं सांगितलं. चहा उतू गेला, तरी त्या उठल्या नाहीत.

"मंग तुमी काऊन सांगून राह्यल्या मले? तुमचंच नुकसान होईन."

"मला भीती वाटते, बाई. पण सही घेऊन गेले असते तर जास्त वाटली असती."

"मले बी भेव लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "चाला, साहेबाकडं जाऊ."

ऑफिसात मी दाराशीच थांबले. बाई सरांसमोर बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. "साहेब, पोरीची तब्येत कशी हाये?" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या मुदतवाढ मांगा. खरं कारण लिवा. मी पैसे बुडवले असं कोणी म्हणायले नोको."

दुसऱ्या दिवशी अर्जावर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: वकिलाच्या चुकीमुळे रक्कम भरता आली नाही. न्यायाधीशांनी अर्ज दोनदा वाचला. शेवटी मुदत मिळाली. सरांनी मेहुण्याकडून पैसे आणून भरले. खरेदीखत झालं.

बाईंनी तरीही बार कौन्सिलकडे तक्रार केली. साक्षीदार मी. सुनावणी अजून संपलेली नाही. मी वेगळं टेबल टाकलं, पक्षकारांच्या पैशांसाठी बँकेत निराळं खातं उघडलं. बाररूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असते.

कोर्टाच्या जिन्यात सर समोर आले की अजूनही माझ्या छातीत धडधडतं. मी नमस्कार करते. कधी ते मान हलवतात, कधी नाही.