मीठ कमी पडलं

निजामाच्या अमदानीत आमच्या तेरमध्ये आग लागली की पाण्याची कातडी पखाल पाठीवर घेऊन सगळ्यांत आधी धावायचा तो पखालवाला. एकदा जळत्या घरातून दोन लेकरं बाहेर काढताना त्याचे दोन्ही हात भाजले. त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच.

मग रोज दुपारी लाल पटक्याचा एक माणूस त्याच्या पोराबाळांसाठी दारोदार भाकरी मागू लागला. तो ढोकीकडचा, एवढंच आम्हाला ठाऊक. मागायची रीत मात्र भलतीच. दारात टोपली टेकवून मोठ्यानं म्हणायचा, "माय, कालच्या पिठल्यात मीठ कमी पडलं. शेजारचं लई झ्याक हुतं."

आई संतापायची, "फुकट नेतो आन् वर नावं ठिवतो!" पण दुसऱ्या दिवशी पिठल्यावर लसणाची फोडणी पडायची. शेजारच्या काकूंनाही तो हेच ऐकवायचा, म्हणून तिकडून भरली वांगी जायला लागली.

पखालवाल्याचे हात बरे झाले तेव्हा लाल पटकेवाला निरोप घ्यायला आला. आईनं अडवलंच, "आज खरं सांगा, पिठलं कसं हुतं?"

"मला काय ठाव, माय? लेकरांच्या वाटचं म्या कवा चाखलंच न्हाय."

आईनं त्याला तिथंच जेवायला बसवलं. पिठल्याचा पहिला घास घेतला आणि त्याला हसू फुटलं.

मीठ खरंच कमी होतं.