सगळे माइक बंद असताना

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वर्गात एखादी मुलगी 'मॅडम, आमच्या गावच्या विहिरीत काहीतरी आहे' असं म्हणाली की मी तिला उभं करून सगळ्यांसमोर इतके प्रश्न विचारायचे, की ती रडकुंडीला यायची. तेव्हा हे लिहायला मला किती जड जातंय, ते समजून घ्या. विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. वरचा मजला, हॉल आणि दोन खोल्या. नवरा महेश कळमेश्वरच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. सासरे — मी त्यांना मामाजी म्हणायचे — उमरेडच्या कोळसा खाणीत फिटर होते. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा गळा कायमचा घोगरा झालेला. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'अं... अं' यापलीकडे एक शब्द नाही. त्यांच्या डाव्या हाताशी आम्ही वायरलेस डोअरबेलचं बटण बांधून ठेवलं होतं. दाबलं की बेल हॉलमध्ये वाजायची.

महेशला नाद सिम रेसिंगचा. म्हणजे कॉम्प्युटरवरची कार रेस, पण हातात खऱ्यासारखं स्टिअरिंग, पायाशी पेडल, बसायला गाडीचीच सीट आणि कानावर हेडफोन. वीस जणांची लीग होती — पुणे, कोल्हापूर, इंदूर, कुठले कुठले लोक. दर रविवारी दुपारी तीनला रेस. सगळे एकाच व्हॉइस चॅनलवर बोलत बोलत चालवायचे. आधी फक्त रविवार होता, मग रोजची प्रॅक्टिस आली. एकदा मी तापाने फणफणत होते, हाक मारली, तर आतून उत्तर — 'क्वालिफाइंग चालू आहे, पाच मिनिटं!' माझी बहीण म्हणायची, "नशीबवान आहेस वं, नवरा घरी तं राहते." घरी! दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास तरी येतो, चार लोक त्याला बेवडा तरी म्हणतात. माझ्या नवऱ्याला लोक हौशी म्हणायचे.

भांडून भांडून आमच्यात एकच गोष्ट ठरली होती. आठवडाभर मामाजींचं मी आणि एक मावशी बघणार, रविवारी महेश. रेस असो नाहीतर काही असो.

तो मे महिन्यातला रविवार होता. मावशी सुट्टीवर. कूलर फुल्ल स्पीडवर, तरी भिंती तापलेल्या. मी हॉलमध्ये पडले होते. साडेतीनच्या सुमारास बेल वाजली. मी उठले नाही. आज रविवार आहे, आज त्याने उठायचं. आतून पेडलचे दणके ऐकू येत होते. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा वाजली. मी दात-ओठ खाऊन पडून राहिले. बघू तरी, हा माणूस बापासाठी उठतो का! तिसऱ्यांदा बेल लांब वाजली, बटण दाबूनच धरल्यासारखी. मी कूस बदलली.

चारनंतर गेले, तेव्हा मामाजी संपले होते. पाण्याचा जग टेबलावर होता, त्यांचा हात पुरणार नाही इतक्या अंतरावर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाणी दिलं असतं तरी फरक पडला नसता. मी ते वाक्य पाठ करून ठेवलं.

सगळं महेशवर आलं. "बाप मरून राहिला अन् हा गाड्या खेळून राहिला!" महेशच्या आत्याबाई भरल्या घरात म्हणाल्या. तो मान खाली घालून बसला होता. मी आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी तो पुन्हा त्या सीटवर बसला. म्हणे लीगवाले बाबांसाठी एक मिनिट शांतता ठेवणार आहेत. मी दारात उभी राहून पाहिलं — स्टार्ट लाइनवर वीस गाड्या, दिवे लावून, स्तब्ध. लीग चालवणारा निखिल पुण्याचा. त्याने सगळ्यांचे माइक स्वतः बंद केले. मिनिट संपलं, माइक सुरू झाले आणि महेश एकदम म्हणाला, "कोणाचा आवाज? मले नाही आला."

संध्याकाळी निखिलचा फोन आला. महेशने स्पीकरवर ठेवला.

"दादा, माफ करा. कुणीतरी घाणेरडी मस्करी केली. पण सगळे म्यूट होते हो, मीच केले होते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, घोगरा. मागे कूलरसारखी घरघर. बाकी सगळ्यांनी ऐकला."

"काय म्हणाले?"

"'पाणी दे' असं. दोनदा."

"पाणी दे गा?"

"नाही दादा. शेवटी व होतं. 'पाणी दे वं'... असं काहीतरी."

आमच्याकडे पुरुषाला गा म्हणतात. वं म्हणतात ते बाईला.

महेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुण्याच्या माणसाले आपलं बोलणं काय समजते? गाच म्हणाले असतील." त्याने मान हलवली. त्याला तेच हवं होतं.

त्यानंतर आवाज येतच राहिला. दर रविवारी, कधी प्रॅक्टिसमध्येही. सगळ्यांना यायचा, महेशला कधीच नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात काहीच नसायचं. महेश रेसच्या मध्येच विचारायचा, "आता आला का? काय म्हणाले?" सुरुवातीला लोक सांभाळून सांगायचे. मग एकाने ओव्हरटेक करताना ती घोगरी नक्कल सुरू केली, दुसऱ्याने आपल्या गाडीवर पाण्याचा ग्लास रंगवला. खूप हसले म्हणे. तेही थोडे दिवसच. मग एकेक जण लीग सोडायला लागला. महेशचं खेळणं मात्र वाढत गेलं — सकाळ, दुपार, सुट्ट्यांवर सुट्ट्या. दिवाळीआधी नोकरी गेली. मी एका वाक्यात त्याला त्या सीटवरून उठवू शकत होते. नाही उठवलं. खरं सांगायचं तर, त्याला असं झिजताना पाहून मला बरं वाटायचं... तो झिजत होता तोवर गुन्हेगार तोच होता.

शेवटी चॅनलवर पाच-सहा जण उरले. एका रविवारी तो मला म्हणाला, "एक डाव तू ऐक. हे लोक खरं सांगून नाही राहिले." आणि हेडफोन माझ्या कानावर चढवले. तो गाडी चालवत राहिला. कोणीतरी टायरबद्दल बोलत होतं, इंजिनची घरघर होती. मग सगळं बारीक झालं. आणि अगदी कानाशी, झटक्याच्या आधीचा, घोगरा पण स्पष्ट, खाणीतला आवाज —

"वैशाली... पाणी दे वं."

रागाने नाही. रोज मागायचे तसंच.

मी हेडफोन काढले.

"काय म्हणाले?" महेशची नजर स्क्रीनवरच.

"पाणी मागितलं."

"माह्यं नाव घेतलं?"

"नाही. माझं."

आणि मग मी सगळं सांगून टाकलं. जागी होते. तीनही वेळा बेल ऐकली. मुद्दाम उठले नाही. मला वाटलं, हा आता उठून माझा गळा धरेल. त्याने वळण घेतलं, गिअर बदलला.

"दुसऱ्या टायमाची बेल मी बी ऐकली होती," तो म्हणाला. "एक कान उघडा होता. म्हटलं, तू आहे न हॉलमध्ये, उठशील."

मी हेडफोन त्याच्या मांडीवर ठेवले.

"मग इतके महिने काहून बसता इथं?"

"बाबानं तुले आवाज देला. मी पोरगा होतो त्यायचा, मले नाही देला." त्याचा आवाज फुटला. "एक डाव तं देतील."

पुढच्याच आठवड्यात निखिलने त्याला लीगमधून काढलं. गोड बोलून काढलं, 'दादा, थोडी विश्रांती घ्या' म्हणाला. आता महेश रिकाम्या चॅनलवर एकटाच चालवतो आणि रविवारी तीन वाजता मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसते, हेडफोन लावून. आवाज अजून येतो, माझंच नाव घेऊन. सुरुवातीला तो बोलवायचा. आता मीच जाते. पावणेतीनलाच माझं मन कशात लागत नाही.

वाचा गेलेला माणूस बोलतो कसा, बंद माइकमधून येतो कसा, आणि महेशलाच का ऐकू येत नाही — हे मला कुणी विचारलं तर मीच रडकुंडीला येईन. वर्गात आता मी कुठल्याच मुलीला उभं करत नाही.

रेस संपली की महेश दर वेळी विचारतो, "आज घेतलं माह्यं नाव?"

एकदा हो म्हटलं तर तो सुटेल, हे मला कळतं. मी खरं तेच सांगते. "नाही."