पुढाऱ्याच्या गळ्यात दोर

त्याचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नाही, पोस्टमनलासुद्धा. सगळे त्याला सावकाश म्हणतात. हे नाव कुणी डोकं लढवून ठेवलेलं नाही. माणूस दिवसभर एकच शब्द बोलतो. मेंढ्यांना म्हणतो, ‘सावकाश, सावकाश, घाई नाही.’ तीच सवय घरी. बायको उकळता चहा ओतत असली तरी सावकाश, शेजाऱ्याची शिडी घसरत असली तरी सावकाश. एकदा समोरच्या शिंपिणीच्या घरात धूर झाला, सगळे बादल्या घेऊन पळत होते, आणि हा मधोमध उभा राहून हात खालीवर करत ‘सावकाश, सावकाश’. शिंपिणीने पहिली बादली त्याच्याच अंगावर ओतली असं म्हणतात. ती नाही म्हणते, पण हसत हसत म्हणते.

काम कत्तलखान्यात. गल्लीच्या टोकाला पूल, पुलापलीकडे लांबच लांब भिंत आणि भिंतीला लोखंडी फाटक. आत सुरी धरणारे वेगळे. सावकाशने जन्मात सुरी धरलेली नाही, घरी कांदासुद्धा बायकोच चिरते. त्याचं काम जनावरांना वाड्यातून बाहेर काढायचं आणि चढणीवरून वरच्या दारात सोडायचं, एवढंच. दाराच्या आत काय चालतं ते त्याने बघितलेलं नाही असं नाही, पण रोज उठून बघावं लागू नये अशी सोय मात्र त्याने करून घेतली होती.

आणि त्या भिंतीपासून लांब आहे तरी कोण? कोपऱ्यावरच्या साबणाच्या कारखान्याला चरबी तिथूनच येते. सुताराचा सरस तिथल्या खुरांचा, रंगाऱ्याचा ब्रश तिथल्या केसांचा, शिंपीण कोटांना जी बटणं लावते ती तिथल्या शिंगांची. परसातल्या टोमॅटोंना हाडांचं खत घालून वर ‘घरचे आहेत हो’ म्हणून वाटणारे आहेतच. तरी सावकाश रस्त्याने गेला की रुमाल नाकाला जातो. आणि रविवारी त्यालाच बाजूला घेऊन ‘जरा कोवळं बघून आण हं’ म्हणणारेही तेच रुमालवाले.

तरुणपणी तो कातड्यांच्या शेडमध्ये होता. मीठ चोळून चोळून हातांना ज्या चिरा पडल्या त्या अजून आहेत. मग त्याला वाड्यावर घातलं. तेव्हा मेंढ्या काठीने हाकायचे. मेंढीला वरच्या दाराचा वास आला की ती पाय रोवायची, मग काठ्या, मग आरडाओरडा. कातड्यावर वळ उठायचे, घाबरलेल्या जनावराचं मांस काळपट आणि चिवट निघायचं, आणि मुकादम सगळ्यांवर खेकसायचा. सावकाशने त्यावर तोड काढली. एकदा एक पोरकं करडू आलं होतं, बोकडाचं. ते त्याने मागून घेतलं, बाटलीने दूध पाजलं, वयात आल्यावर खच्ची करवून घेतलं आणि चढण चढायला शिकवलं. मेंढीचं कसं असतं, पुढचा चालला की ती चालते. बोकड पुढे, कळप मागे. वर दारापाशी डाव्या हाताला सावकाशने एक फट पाडून घेतली, बोकड मावेल एवढीच. बोकड तिथून सटकायचा, वळसा घालून खाली यायचा आणि सावकाशच्या हातून मूठभर भाजलेले चणे खायचा. कळप सरळ आत.

कामगारांनी बोकडाचं नाव पुढारी ठेवलं. का, ते विचारायला नको.

सावकाशला त्याचा मोठा अभिमान. घरी जेवताना सांगायचा, ‘आज एकाही जनावराने आवाज केला नाही. एकालाही वळ नाही.’

बायको पोळी टाकत म्हणायची, ‘म्हणजे मेली ती सुखाने मेली.’

‘तसं नव्हे गं.’

‘मग कसं?’

तो म्हणायचा, ‘सावकाश, भाजेल.’

एक नियम मात्र तो कटाक्षाने पाळायचा. पुढाऱ्याच्या गळ्यात कधी दोर घालायचा नाही. दोर दिसला की जनावर बिचकतं, आणि पुढचा बिचकला की मागचे सगळेच बिचकले. पुढारी वाड्यात मोकळा फिरायचा, कार्यालयात शिरून कागद खायचा, मुकादमाच्या खुर्चीमागे झोपायचा. सकाळचा भोंगा झाला की आपणहून चढणीच्या पायथ्याशी येऊन उभा. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग पुढाऱ्याचे गुडघे सुजले. चढणीवर मधेच थांबायला लागला. एकदा तर पाय घसरून बसलाच, आणि त्याच्या मागचा सगळा कळप तिथल्या तिथे दगडासारखा उभा. वरून सुरीवाले ओरडायला लागले. मुकादम खाली आला, पुढाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘झालं याचं. उद्याच्या कळपाबरोबर सरळ जाऊ दे आत. ती फट उद्यापुरती बंद करून टाक.’

सावकाश पुढाऱ्याच्या आड उभा राहिला. ‘साहेब, मांस काय मिळणार त्याचं? लाकूड झालंय.’

‘साबणाला जाईल.’

‘मी घरी नेतो त्याला.’

मुकादम हसला. ‘तुझ्या घरी शेळ्या आहेत ना? आणि हा तर खच्ची केलेला! तुला काय मुरब्बा घालायचाय त्याचा?’ सगळे खो खो हसले. पण बोकडाकडे हात करून मुकादम म्हणाला, ‘ने जा. नवा तयार कर मात्र.’

घरी दुसरी लढाई. परसात बायकोच्या दोन शेळ्या. धाकटी अजून पोरवयातली, आणि थोरली तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती गाभण होती. लेक बाळंतपणाला यायची होती, आणि तिचं बाळ आणि तपकिरीचं करडू साधारण एकाच सुमाराला येणार असा बायकोचा हिशेब होता. दुधाची सगळी भिस्त तिच्यावर.

‘याला इथे कशाला?’ बायको कमरेवर हात ठेवून उभी.

‘म्हातारा झालाय. आता राहिलेत किती दिवस त्याचे?’

‘तुम्हीही झालात. तुम्हाला ठेवलंच आहे.’ पण बोलता बोलता ती पुढाऱ्याच्या गुडघ्यावरून हात फिरवत होती. ‘बांधून ठेवा तेवढा.’

‘त्याला बांधायचं नाही. त्याच्या गळ्यात आजवर दोर पडलेला नाही.’

‘माझ्या बांधते, तर त्यांना काय दुखतं?’

‘त्यांची गोष्ट वेगळी. बिचकेल गं तो. आणि जाणार कुठे या गुडघ्यांनी?’

शेवटी तिने ऐकलं. थोड्याच दिवसांत पुढाऱ्याने तिलाही खिशात घातलं. वाळत घातलेला तिचा रुमाल खाल्ला तरी ती रागावेना. शेळ्याही त्याच्या मागे मागे असायच्या. तो उन्हात बसला की त्या उन्हात, तो भिंतीकडे गेला की त्याही भिंतीकडे. त्यांच्यात भांडण कसलं ते नाहीच. मग बायकोनेही त्यांचे दोर काढून ठेवले. ‘बरंय, राखण तरी करतो,’ ती शिंपिणीला म्हणाली.

सकाळी भोंगा झाला की पुढारी मात्र उठून उभा राहायचा आणि परसाच्या दाराला कपाळ लावायचा. सावकाश कामावर निघताना ते बघून म्हणायचा, ‘अरे, सुटी आहे तुला. बस.’ त्याला त्याचं हसू यायचं.

एका सकाळी परसाच्या दाराची कडी नीट बसलेली नव्हती.

भोंगा झाला. पुढाऱ्याने कपाळ लावलं, दार उघडलं आणि तो लंगडत लंगडत रस्त्यावर आला. मागे तपकिरी, तिच्यामागे धाकटी. गल्लीला एवढी करमणूक फुकट कधी मिळणार? दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आला. ‘अहो बघा, साहेब कामावर निघाले! सोबत दोन कारकून!’ कुणी सलाम ठोकला, कुणी वाट करून दिली. एकाने तर पुलावर गाडी थांबवली. सगळे पोट धरधरून हसले. अडवलं कुणीच नाही. शिंपीणसुद्धा खिडकीतून हसत होती, आणि हसता हसता तिच्या हातातली कात्री थांबली. हे निघालेत कुठे, ते तिच्या लक्षात आलं.

सावकाशची बायको नळावर कपडे धूत होती. ‘वहिनी!’ शिंपीण ओरडत आली. ‘वहिनी, तुमच्या शेळ्या पुलापार गेल्या!’

इकडे चढणीच्या पायथ्याशी सावकाशच्या नाकी नऊ आले होते. नवा बोकड चार पावलंही चढेना, चणे खाऊन मोकळा व्हायचा. त्या दिवशी मेंढ्या आणि बकऱ्यांचा मिसळलेला कळप होता. सगळी गर्दी अडकून पडलेली, धूळ उडालेली, आणि मुकादमाने काठ्या बाहेर काढायला सांगितल्या होत्या. इतक्या वर्षांनी परत काठ्या! एका मेंढीच्या पाठीवर पहिली बसली, तो आवाज सावकाशला आपल्याच पाठीत ऐकू आला.

फाटकवाल्याने पुढाऱ्याला बघितलं. सावकाशनेच बोलावलं असणार, असं समजून त्याने फाटक उघडलं. धाकटी शेळी तिथेच भिंतीवर चिकटवलेला कागद ओढत रेंगाळली. पुढारी मात्र थेट गर्दीत शिरला, वाट काढत पुढे आला आणि चढणीवर पाय ठेवला.

कळप हलला.

सावकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजलेले ते गुडघे एकेक करून वर जात होते, आणि त्याची नजर त्या गुडघ्यांवरून हलेना. काठ्या खाली झाल्या. ‘सावकाश, सावकाश, घाई नाही,’ तो म्हणत राहिला. धुळीतून अंगं घासत पुढे चालली होती. त्यातलीच एक त्याच्यापाशी थांबली, त्याच्या खिशाला नाक लावून हुंगायला लागली. त्याने वर न बघताच तिच्या पाठीवर थोपटलं. ‘चल, चल बाई. सावकाश.’ ती गेली.

पुढारी फटीतून सटकून वळसा घालून खाली आला, धापा टाकत. सावकाशने त्याला मूठभर चणे दिले, गळ्याला मिठी मारली. ‘कसा आलास रे? कसा आलास?’

तेवढ्यात फाटकातून बायको धावत आली. हात साबणाने माखलेले, एका हातात धाकटीचं शिंग घट्ट धरलेलं.

‘माझी तपकिरी कुठाय?’

सावकाशने तिच्याकडे बघितलं. मग आपल्या तळहाताकडे बघितलं. मग तो चढणीवरून पळत सुटला, आयुष्यात पहिल्यांदा. दारातून आत गेला. सुरीवाले थांबले, पण थांबून उपयोग नव्हता. कातड्यांच्या ढिगात वरच पांढरा ठिपका होता. ज्याने काम केलं तो म्हणाला, ‘मला काय माहीत? तुमच्याकडूनच आली वर.’

तो खाली आला तेव्हा बायकोने धाकटीला जवळ ओढलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

मुकादम मात्र खुशीत. ‘अरे, शेळीचं वाईट झालं खरं, पण म्हातारा चढतोय की अजून! उद्यापासून रोज आण त्याला. आणि हे बघ, तिचं मांस घरी घेऊन जा. तुमचंच आहे.’

‘नको,’ बायको म्हणाली. एवढंच.

‘तो चढणार नाही आता,’ सावकाश म्हणाला.

‘चढणार नसेल तर आतच जाऊ दे. तो कत्तलखान्याचा आहे, तुला पोसायला दिलाय. उद्या काठ्या काढू का परत?’

सावकाशने पुढाऱ्याकडे बघितलं. तो दाढीला लागलेली चण्याची टरफलं चाटत होता. त्याने आपलं काम चोख केलं होतं, शिकवल्याप्रमाणे.

‘काठ्या नको,’ सावकाश म्हणाला. ‘मी चालतो पुढे.’

परतताना गल्लीत कुणी हसलं नाही. घरी आल्यावर त्याला वाटलं, बायको पुढाऱ्याला हाकलून देईल. तिने त्याला पाणी ठेवलं. सावकाश म्हणाला, ‘याच्यामुळे...’

‘त्याला काय बोलता? त्याला वाट कुणी दाखवली?’ ती म्हणाली. आणि खुंटीवरचा तपकिरीचा दोर काढून नवऱ्यासमोर टाकला.

तो त्याने स्वतःच्या हाताने पुढाऱ्याच्या गळ्यात घातला. पुढारी बिचकला नाही. नुसता उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी भोंगा झाला. परसात पुढाऱ्याने दोर ताणला, आणि त्याच्यामागे धाकटी शेळी उठून उभी राहिली. कत्तलखान्यात चढणीच्या पायथ्याशी चण्याचा डबा खुळखुळवत सावकाश कळपापुढे उभा राहिला. वाड्यात चारा घालताना ऐकलेला त्याचा आवाज मेंढ्या ओळखत होत्या. तो चढला, त्या चढल्या. वर दारापाशी तो डावीकडे वळला. फट बोकडाच्या मापाची होती. त्याला गुडघ्यावर बसून, खांदे आत घेऊन सरपटत बाहेर पडावं लागलं. वळसा घालून खाली आला तेव्हा मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘शाब्बास! एकाही जनावराने आवाज केला नाही.’

सवयीने सावकाशचा हात डब्यात गेला, मूठ भरून बाहेर आला. मग कुणाला द्यायचे ते सुचेना, म्हणून चणे खिशात टाकले.

आपल्या गल्लीत बातमीला पाय असतात. सावकाशला असतात त्यापेक्षा वेगाचे. तो घरी पोचायच्या आधी ती पोचली होती. परसात बायको धाकटीसमोर चारा टाकत बसली होती. लेकीला काय कळवायचं, हे अजून दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं. त्याने खिशातले चणे काढून पुढाऱ्यासमोर धरले. पुढाऱ्याचं नाक त्याच्या तळहातावर आलं.

बायकोने वर बघितलं नाही.

‘सगळे त्याला देऊ नका,’ ती म्हणाली. ‘निम्मे तुम्ही खा. आज तुम्हीच चढलात ना?’