ठशांची चिकटपट्टी

पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीची किल्ली मावशींकडे असे. पकडलेली दारू, चोरीच्या सायकली, सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. पण बंदरावर पकडलेल्या बॅगेतून जिवंत कासवं आली आणि त्यांची झोपच उडाली. चोरांनी कासवांचे पाय आत दुमडून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती.

"साहेब, कापू का ही?"

"हात लावू नका, मावशी. पट्टीवर चोरांचे ठसे आहेत. टोळी पलीकडच्या देशातली आहे, तिथले पोलीस स्वतः येऊन ठसे घेणार आहेत."

"मग येत का नाहीत? घोडं कुठं पेंड खातंय?"

साहेबही काही दगड नव्हते. ते रोज फोन लावत आणि तिकडून रोज 'परवानगी येतेय' असंच उत्तर येई. मावशी कापसाच्या बोळ्यानं कासवांच्या तोंडात पाणी पिळत, खिशातली कात्री बाहेर काढत आणि शिव्या हासडत पुन्हा आत ठेवत. एकेक मान आत गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

अखेर पाहुणे पोलीस आले. ठसे लख्ख मिळाले, टोळीच्या म्होरक्याशी जुळले. पाहुण्या अधिकाऱ्यानं मावशींचा हात हातात घेतला.

"ते म्हणताहेत," साहेब हळूच म्हणाले, "पुरावा इतका नीट जपलेला त्यांनी कुठंच पाहिला नाही."

मावशींनी हात सोडवून घेतला.

"आता तरी कापू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खाली बसून मेलेल्या कासवांचे पाय मोकळे करू लागल्या.